बावेची ओटी

आमच्या बावेवर पाटी लावायचं ठरलंय. निळी पाटी, पांढरी अक्षरं, 'आवडाबाईची बाव'. बाव म्हणजे विहीर, आमच्याकडं बावच म्हणतात. गावकीच्या बैठकीत सगळ्यांनी माना हलवल्या आणि मला सांगितलं, चंद्रभागा, तुला लिहिता येतं, तू पेंटरला खडूनं अक्षरं काढून दे. म्हणजे नाव तिचं आणि अक्षरं माझी. जन्मभर हेच झालं.

आवडाबाई माझी थोरली जाऊ. तिला जाऊन आज बावीस दिवस झाले. मी तिला वयनी म्हणायची. लोक येतात, डोळे पुसतात, म्हणतात बाई कसली होती. कसली होती ते मला विचारा ना. पंचवीस वर्षं एका अंगणात काढली. चुली दोन, अंगण एक, बाव एक. तिचा नवरा दामाजी, म्हणजे माझे मोठे दीर, आणि आमचे हे गोमाजी, दोघे भाऊ खाडीत जाळं टाकायचे. मी नि वयनी डोंबिवलीच्या बाजारात मावरं विकायला बसायचो. मावरं म्हणजे मासे. माझी टोपली आधी भरलेली असली तरी तिची आधी खपायची. का? तर आवाज. "ये गो बाय, ही कोलंबी बघ, अजून रागावलेली हाय!" बाया हसत तिच्याकडं जायच्या. मी पण ओरडून बघितलं. माझ्याकडं कोण हसलं नाय.

तिचं माहेर मिठागरातलं. तिचा बाप मिठाच्या आगरात कामाला होता. तिथं कोंडीतलं पाणी बोटाला लावून जिभेवर ठेवायचं आणि सांगायचं, अजून चार दिवस, अजून दोन दिवस, आज मीठ धरेल. हे बापानं लेकीला शिकवलेलं. सासू, भागीरथी त्यांचं नाव, त्या सगळ्या गावाला सांगायच्या, "आमच्या आवडाची जीभ नाय, तराजू हाय." मी चौथी शिकलेली. वयनीला सहीपण येत नव्हती, अंगठा. पण सासूनं माझ्या चौथीचं कधी कुणाला सांगितलं नाय.

आणि हौसा. हौसा माझी पोर, माझ्या पोटची. वयनीला मूल नाय झालं. हौसा दूध माझं प्यायची आणि झोपायची तिच्या कुशीत. मला आय म्हणायची, तिला मोठी आय. आता सांगा, मोठी कोण झाली?

आमचं गाव खाडीच्या काठाला. वर चढावर एमआयडीसी. आमच्या पाड्याच्या बरोबर डोक्यावर रंगाची कंपनी, कपड्याला लावायचे रंग बनवायची. नाव मी घेत नाय, आता बंद पण झालीय. कंपनीच्या मागं एक मोठा कच्चा खड्डा होता, खाली ना सिमेंट ना काय. नासलेलं पाणी वर्षानुवर्षं त्याच्यात सोडायचे. ते दिसायचं कमी कमी होतंय, लोकांना वाटायचं उन्हानं आटतंय. ते आटत नव्हतं. जमिनीत उतरत होतं आणि खाली आमच्याकडं येत होतं.

पहिल्यांदा वयनीला कळलं. शहाऐंशी साल असेल. सकाळी तिनं घागर काढली, ओंजळभर प्याली आणि थुंकली.

"चंद्रे, पानी जिभेला चावतं."

मी म्हटलं, "पान्याला दात कवा आले गो?"

बाया हसल्या. मला बरं वाटलं, एकदा तरी माझ्या बोलण्यावर हसल्या. पण दोन महिन्यांत भाताला लालसर रंग यायला लागला. पांढरं लुगडं धुतलं की गुलाबी. मग कोण हसेना. तक्रारी झाल्या, मोर्चा झाला, प्रदूषण बोर्डाचे लोक आले, आणि अठ्ठ्याऐंशी साली गावातल्या सगळ्या बावा बंद केल्या. आमच्या बावेवर फळ्या ठोकल्या आणि फळ्यांवर तांबडी फुली मारली. पाणी टँकरचं.

फळ्या ठोकत होते तेव्हा हौसा रडायला लागली. बारा वर्षांची होती. तिला रडायला कारण होतं. आमच्यात हळदीचं पाणी घरच्याच बावेचं लागतं. हळदीच्या दिवशी पाच सवाष्णी वाजतगाजत बावेवर जातात, बाव पुजतात, घरातली थोरली बाई पहिली घागर काढते आणि त्याच पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. सासू म्हणायच्या, परक्या पाण्यानं न्हालेली पोर माहेराला परकी होते. पोरीनं ते ऐकून ऐकून मनात धरलेलं.

वयनीनं तिला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर बोलली, "रडू नको माजे बाय. तुज्या हलदीचं पानी याच बावेचं. मी काढीन पहिली घागर. नाय काढली तर माजं नाव आवडा नाय."

मी तिथंच उभी होते. मी आई. मला कोणी विचारलं नाय. पण त्या दिवसापासून घरात एकच गोष्ट झाली, हौसाच्या लग्नाच्या आत बाव साफ व्हायला पाहिजे. देवाला नवस तोच, जेवताना बोलणं तेच.

एकोणनव्वदला साफ करायचं काम लागलं. कंपनीनं बाहेरचे इंजिनिअर आणले, परचुरे साहेब. डोंबिवलीचेच, चष्मा, पांढरा बुशशर्ट, बोलणं एकदम पुस्तकातल्यासारखं. ते पहिल्या दिवशी बाटल्यांची पेटी घेऊन पाड्यात आले. सगळे जमले. वयनी मावऱ्याच्या टोपलीसकट पुढं.

"सायेब, बाटल्या कशाला? मी सांगते ना. देवलामागची बाव सगल्यात वाईट. मग आमची. मग शालेची. तलावाजवलची चांगली हाय, ती उगाच बंद केली तुमी."

"तुम्हाला कसं कळलं?"

"जीभ हाय ना!"

साहेबांनी डोक्याला हात लावला. "बाई, हे चाखायचं नाही. हे विष आहे. आजपासून अजिबात नाही."

"आजपासून नाय. पन चाखून झालंय त्याचं काय करू?"

लोक हसले, साहेब नाय हसले. पण आठ दिवसांनी रिपोर्ट घेऊन परत आले ते सरळ आमच्या अंगणात. वयनीनं सांगितलेलं तसंच्या तसं. देवळामागची, आमची, शाळेची, आणि तलावाजवळची साफ. एक इकडची तिकडं नाय. म्हणाले, "आवडाबाई, मला दर महिन्याला पाण्याचे नमुने काढायला गावातलं विश्वासाचं माणूस हवं आहे. कराल?"

मी पुढं झाले. म्हटलं, "साहेब, मला लिहिता वाचता येतं."

साहेब म्हणाले, "उत्तम. मग बाटल्यांवर नंबर तुम्ही घाला."

झालं. ती बाटल्या भरणार, मी चिठ्ठ्या चिकटवणार.

काम काय होतं ते सांगते. तो खड्डा उपसला, खालची माती ट्रकनं नेली. खड्डा आणि आमचा पाडा याच्या मधे अकरा बोअर मारल्या, ओळीत. त्याच्यावर पंप, रात्रंदिवस चालू. जमिनीतलं घाण पाणी वर ओढायचं, कोळशाच्या भुकटीच्या मोठ्या टाक्यांतून गाळायचं आणि साफ करून सोडायचं. साहेब सांगायचे, खाली येणारी घाण वाटेतच अडवायची. मग बाव आपोआप हळूहळू निवळेल. किती हळूहळू? तर वर्षं. आणि दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी अकरा बोअर आणि बारावी आमची बाव, बारा बाटल्या भरून लॅबला.

मंगळवारी जीप यायची. आमच्या पाड्यात जीप! वयनी पुढच्या सीटवर, छातीला फोटोचा बिल्ला, मांडीवर पिशवी. आणि तिची मावऱ्याची टोपली बाजारात कोण विकणार? मी. गिऱ्हाइकं विचारायची, "आज त्या कुठं गेल्या?" मी म्हणायची, "मेल्या." मग लगेच जीभ चावायची. पण म्हणायची.

पहिल्या मंगळवारची गंमत ऐका. बाटल्या लॅबमधून यायच्या, आत औषधाचे दोन थेंब टाकलेले असायचे. वयनीच्या हातून खरकट्या भांड्यात पाणी कधी पडायचं नाय. तिनं काय केलं, बाराच्या बारा बाटल्या राखेनं, चिंचेनं घासल्या आणि ओट्यावर उन्हात पालथ्या घातल्या, ओळीनं. साहेब आले आणि बघतच राहिले.

"आवडाबाई! हे काय केलंत?"

"घासल्या. आतमधी काय ओलं ओलं होतं, कुनीतरी नीट धुतल्या नव्हत्या."

साहेब पायरीवर बसले. महिनाभराचं काम गेलं. मी आठ दिवस हसत होते. पण साहेबांनी तिला काढलं नाय. समजावून सांगितलं. बाटली धुवायची नाय. बावेतून आधी चार बादल्या काढून ओतायच्या, साचलेलं पाणी जाऊ द्यायचं, पाचव्या बादलीतलं भरायचं. तोंडाला बोट लागू द्यायचं नाय. वयनीनं ते मंत्रासारखं पाठ केलं. सहा वर्षांत पुन्हा चूक नाय. पाऊस असो, ताप असो, काही असो, चार ओतायच्या, पाचवी घ्यायची.

चिठ्ठ्या मात्र मी मुद्दाम उशिरा करायची. जीप दारात उभी, हॉर्न वाजतोय, मी म्हणायची, थांब गो, शाई सुकली नाय. ती दारात उभी राहायची. एवढं तरी माझ्या हातात होतं.

वर्षं गेली. बोअरचं पाणी आधी रक्तासारखं यायचं, मग कांद्याच्या सालीसारखं, मग चहाच्या पाण्यासारखं, मग पाण्यासारखं. पंच्याण्णवच्या मे महिन्यात आमच्या बावेचा पहिला साफ रिपोर्ट आला. साहेब पेढे घेऊन आले. म्हणाले, "आता तीन तीन महिन्यांनी, असे लागोपाठ चार रिपोर्ट स्वच्छ आले की फळ्या काढू." मे झाला. ऑगस्ट साफ. नोव्हेंबर साफ. राहिला फेब्रुवारी.

आणि हौसाचं जमलं. मोहने गावचा मुलगा, रेयॉनच्या कारखान्यात कामाला. तारीख धरली वैशाखातली. म्हणजे बघा कसं जुळून आलं. फेब्रुवारीत चौथा रिपोर्ट, मार्चला बाव उघडणार, मेमध्ये हळद. वयनी तर हवेतच. तिनं नवी तांब्याची घागर आणली. रोज चिंचेनं घासायची, रोज.

मी एक दिवस बाजारात बसलेले. पलीकडं दोन बाया बोलत होत्या, आमच्याच बाजूच्या. एक म्हणाली, "आवडाबायच्या पोरीचं लगीन हाय ना वैशाखात?" दुसरी म्हणाली, "हां, तिचीच ना ती." मी समोर बसलेली. पापलेटाला पाणी मारत होते. कुणी माझ्याकडं बघितलं नाय.

घरी आले. हौसाला म्हटलं, "पहिली घागर मी काढली तर?"

ती म्हणाली, "आय, असं काय करतेस? मोठ्या आयनं शब्द दिलाय मला. तू दुसरी काढ."

तू दुसरी काढ.

त्या रविवारी दुपारी घरात कोण नव्हतं. पुरुष जाळी विणायला बंदरावर, वयनी आणि हौसा कल्याणला साड्या बघायला. मला नेलं नाय असं नाय, मीच डोकं दुखतं म्हणून राहिले. मग मी ओटी काढली. खण, नारळ, तांदूळ, सहा हिरव्या बांगड्या, हळदीची पुडी आणि कुंकवाची पुडी. बाजारातलं कुंकू, चकचकीत लालभडक, मोठी पुडी, लग्नासाठी आणलेली. बावेवर गेले. एक फळी आधीच सैल होती, नमुना काढायला ती सरकवायचे. ती सरकवली. हात जोडले आणि म्हटलं, माय, मी हौसाची आई. तुझी ओटी पहिली मी भरते. तू माझी आधी, मग तिची. आणि सगळं आत सोडलं. कुंकवाची पुडी फोडून सोडली. आमच्यात बावेची ओटी भरतात ती अशीच, तिला सगळं वाहायचं असतं. मला त्यात पाप वाटलं नाय. उलट वाटलं, आता बाव माझी झाली. आनंदानं रडले मी तिथं.

मंगळवारी वयनीनं नमुना काढला. बावेत खाली अंधार असतो, रंग दिसत नाय. पण तिनं बाटली भरली, उन्हात धरली आणि धरूनच राहिली. मी चिठ्ठी घेऊन उभी. "काय गो, दे ना," म्हटलं. तिनं दिली. त्या दिवशी जीपमध्ये बसताना ती माझ्याकडं वळून बघत होती, ते मला आत्ता आठवतं.

रिपोर्ट आला. रंग. लाल रंग, बारा नंबरमध्ये.

परचुरे साहेबांचं तोंड पांढरं पडलेलं. त्यांनी दोन नव्या बोअर मारल्या, जुन्या सगळ्या तपासल्या. बोअर साफ. फक्त बावेत रंग. पंधरा दिवस माणूस डोकं धरून होता. मग एक दिवस आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी आत चुलीपाशी, दाराआड. सगळं ऐकत होते.

"आवडाबाई, मला खरं सांगा. जमिनीतून आलेलं नाही हे. त्या जातीचा रंग आहे, पण कंपनी बनवायची तो हा नाही. बाजारातल्या कुंकवात, गुलालात घालतात तसला आहे. विहिरीत कुणी काही टाकलं का?"

माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

वयनी म्हणाली, "नाय सायेब."

"मग?"

"बाटली माज्याकडून खराब झाली असंल. माजे हात कुंकवाचे होते त्या दिवशी. लगनाचं घर हाय, पत्रिकांना कुंकू लावत होते."

"सहा वर्षांत तुमचा हात कधी चुकला नाही."

"आता चुकला."

"चुकला असेल तर मी परत नमुना घेतो. आणि त्यात पण रंग आला तर?"

वयनी म्हणाली, "तर हात बावेत धुतला असंल म्हना मी."

साहेब उठले. त्यांना कळलं असणार, तेवढा शिकलेला माणूस. पण ते म्हणाले, "नियम माझा नाही, बोर्डाचा आहे. चार रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून. एक वर्ष. आणि तुम्हाला मी आता ठेवू शकत नाही."

"ठेवू नका. आमची धाकटी हाय ना, चंद्रभागा. शिकलेली हाय. तिला घ्या."

गावानं तिला धुवून काढलं. नाक्यावर बाया ऐकू जाईल असं बोलायच्या, "मोठी जीभवाली! पोरीच्या हलदीचं पानी घालवलं." दामाजी भावजी तिच्याशी भांडले. हौसा आठ दिवस तिच्याशी बोलली नाय. त्या आठ दिवसांत हौसा माझ्याजवळ झोपली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

बिल्ला परत दिला त्या दिवशी वयनीनं मला पिशवी दिली. आत बाटल्या, दोरी, आणि चिंधीत बांधलेलं काहीतरी. सोडून बघितलं तर एक हिरवी बांगडी. अख्खी. बादलीत वर आलेली.

मी मान वर केली नाय. ती म्हणाली, "बाटली धुवायची नाय. चार ओतायच्या, पाचवी घ्यायची. आन सायबाचं काम होईपर्यंत बावेची ओटी भरू नको." मग म्हणाली, "बाव म्हातारी हाय, तिला काय लेकरू होयाचं नाय. ओटी भरून मला तरी झालं काय?"

एवढंच. पुन्हा त्या विषयावर एक शब्द नाय, ना मला, ना कुणाला.

हौसाची हळद टँकरच्या पाण्यानं झाली. निळ्या ड्रममधून पाणी काढलं. नवी तांब्याची घागर आणलेली ती वयनीनं माझ्या हातात दिली, "तू काढ," म्हणाली. ड्रममधून पहिली घागर मी काढली. वाजंत्री वाजली. मला पाहिजे होतं ते मिळालं, आणि ते ड्रममधलं होतं.

मग वर्षभर जीप माझ्यासाठी यायची. पुढच्या सीटवर मी, बिल्ला मला. गिऱ्हाइकं वयनीला विचारायची, "आज त्या कुठं गेल्या?" वयनी म्हणायची, "सायबीन झाली आमची. येईल दुपारी, तवर माजं घ्या." मी ऐकलंय ते. एकदा तरी तिनं "मेली" म्हणायला पाहिजे होतं. नाय म्हणाली.

मी नियम मोडला नाय. चार ओतल्या, पाचवी घेतली. प्रत्येक वेळी बावेत वाकले की वाटायचं, खालून ती कुंकवाची पुडी माझ्याकडं बघतेय. साहेबांनी बाव दोनदा उपसून घेतली, तळातला नारळसुद्धा निघाला. कामगारानं तो वर धरून विचारलं, हे काय? साहेब म्हणाले, "वाहत आला असेल." बंद बावेत नारळ वाहत येतो होय! चारही रिपोर्ट साफ आले. मार्च सत्त्याण्णवला फळ्या निघाल्या.

हौसा तेव्हा बाळंतपणाला आलेली, मुलगी झाली. सव्वा महिन्यानं बाळंतीण बावेवर जाऊन पाणी पुजते. ती पूजा आमच्या बावेवर झाली, नऊ वर्षांनी. सगळा पाडा लोटला. पहिली घागर थोरलीनं काढायची. वयनी पुढं झाली, दोरी धरली, आणि सगळ्यांसमोर मला हाक मारली, "चंद्रे, ये गो. माज्या हातात जोर नाय राह्यला. दोघी ओढू." दोघींनी ओढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणासाठी? "उशिरा का होईना, आवडाबाईनं शब्द पाळला," म्हणत होते.

तिच्या हातात जोर नव्हता ते मात्र खरं निघालं. वर्षभरात ती खंगत गेली. पोटात पाणी झालं. कुणी म्हणालं चाखून चाखून झालं, साहेबांनी नको सांगितलेलं तरी चाखायची. डॉक्टरनं तसं काही सांगितलं नाय. मला माहीत नाय. त्या मंगळवारी बाटली उन्हात धरली तेव्हा तिनं बोट जिभेला लावलेलं मी बघितलं, एवढं मला माहीत आहे.

शेवटच्या दिवशी सकाळी हौसा तिच्या उशाशी बसलेली, चमच्यानं उकळलेलं पाणी देत होती. वयनीनं तोंड फिरवलं. म्हणाली, "चंद्रेला सांग. बावेचं आन."

मी धावले. खरं सांगते, धावताना मनात काय होतं? तिनं हौसाला नाय सांगितलं, मला सांगितलं. त्या वेळीसुद्धा मनात तेच.

तांब्या भरून आणला. तिनं दोन थेंब जिभेवर धरले, डोळे मिटले, मिठागरातली बाई धरते तसे.

"चार ओतल्यास काय?"

"ओतल्या."

"भांडं धुतलं नाय ना?"

"तांब्या हाय गो वयनी, बाटली नाय."

ती हसली. मग म्हणाली, "गोड हाय." दुपारी गेली.

काल पेंटर आला. मी खडू घेऊन बावेवर गेले, हौसा बरोबर होती, पोरगी कडेवर. मी अक्षरं काढली. सुंदर काढली, सहा वर्षं चिठ्ठ्या केल्यात. हौसा म्हणाली, "आय, खाली तुझं पण नाव टाकायला सांगू काय? शेवटचे चार रिपोर्ट तर तुझ्या हातचे."

तेव्हा मी तिला सांगितलं. ओटीचं, कुंकवाचं, बांगडीचं, सगळं. पेंटर ऐकत होता, ऐकू दे म्हटलं. तुझ्या हळदीचं पाणी मोठ्या आयनं नाय घालवलं, मी घालवलं. तू तिच्याशी आठ दिवस बोलली नाय, ते माझ्यामुळं. आता गावाला पण सांगणार आहे, म्हणून हे सगळं सांगत बसलेय.

हौसानं मुलीला माझ्या कडेवर दिलं. दोरी घेतली. एक घागर काढून ओतली, दुसरी ओतली, तिसरी, चौथी. पाचवी भरली आणि घरी नेली. मला वाटलं मला देईल. उन्हात उभी राहून घसा सुकलेला माझा.

तिनं ती घागर वयनीच्या फोटोपुढं ठेवली.

मी दारात उभी राहून बघत होते, आणि मला जळलं. अजून जळतं. ती गेली तरी जळतं.